चांदी घातलेली माती

बाजारात मडकं घेताना बायका ते वाजवून बघतात. आमचे गंगाधर सर सगळंच वाजवून बघायचे. हॉटेलात चहा आला की आधी कपाच्या काठावर नखाची टिचकी, कान जरासा खाली, आणि मगच पहिला घोट. कोणी नवीन भिंत बांधली की तिच्यावर बोटाचं पेर आपटायचं. कलिंगड, नारळ, वर्गातला फळा, माझं हेल्मेट, काही म्हणून सुटायचं नाही. एकदा आमच्या दवाखान्यात आणलेल्या एका बैलाच्या शिंगावर त्यांनी टिचकी मारली. बैलाने नुसती मान फिरवली आणि सर कडब्याच्या पेंढीवर जाऊन बसले. उठले, पँट झटकली आणि मालकाला म्हणाले, "शिंग चांगलं हाय, मामा. तडा नाही."

आमचा दवाखाना म्हणजे तेलंगणात, आदिलाबादकडच्या बोथचा जनावरांचा दवाखाना. मी तिथे सहायक होतो. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, त्यामुळे उरलेले पाच दिवस आसपासच्या खेड्यांतली माणसं मलाच डॉक्टर म्हणायची. मीही कधी नको म्हटलं नाही. सरांना मात्र खरोखरच डॉक्टर व्हायचं होतं, पीएचडीचा डॉक्टर, आणि त्यांना सगळा गाव सर म्हणायचा. ते मला गंभीर चेहऱ्याने "डॉक्टर" अशी हाक मारत. त्यात थट्टा किती आणि आदर किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आमची ओळख नायट्रोजनमुळे झाली. गाई-म्हशींच्या रेतनाच्या कांड्या गोठवून ठेवायला आमच्याकडे द्रव नायट्रोजनचे मोठे कॅन असतात. आदिलाबादहून गाडी येऊन ते भरून देते. झाकण उघडलं की पांढरी वाफ जमिनीवर उतरते, आणि आत बोट घातलं तर बोट गेलंच समजा. एका एप्रिलच्या दुपारी, ऊन नुसतं डोक्यात शिरत असताना, एक उंच, वाळका माणूस हातात जुना थर्मास घेऊन आला.

"तुमच्याकडं नायट्रोजन हाय म्हणे."

"हाय," मी म्हटलं. "म्हैस कुठं हाय?"

"म्हैस नाही. वडी हाय."

त्यांनी खिशातून एक प्लास्टिकची डबी काढली. आत कापसात गुंडाळलेली एक काळी वडी होती, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी. मला वाटलं, जनावराच्या पोटदुखीचं काही आयुर्वेदिक असेल. त्यांनी थर्माकोलच्या झाकणात ती ठेवली, वरून मी नायट्रोजन ओतला. उकळणं शांत झाल्यावर त्यांनी चिमट्याने एक छोटं लोहचुंबक तिच्यावर ठेवलं. ते वडीला टेकलंच नाही. बोटभर वर, हवेत थांबलं. सरांनी त्याला हलकासा धक्का दिला तर ते तिथल्या तिथे गरगर फिरायला लागलं.

दवाखान्यात चार-पाच शेतकरी होते. एका म्हाताऱ्याने खाली वाकून चुंबक आणि वडीच्या मधून गवताची काडी घालून पाहिली. काडी आरपार गेली.

"सर, याच्यात देव हाय का करंट?"

"करंट हाय, बाबा. साध्या तारेतून जाताना वीज दमते, तार तापते. ही माती अशी थंड केली की वीज दमतच नाही. एकदा फिरायला लागली की फिरतच राहते."

म्हाताऱ्याने हात जोडले. सरांनीही जोडले. मग त्यांनी वडी बाहेर काढली, जरा वेळ उन्हात ठेवली, पुन्हा नायट्रोजनमध्ये घातली. तीनदा असं केलं. तिसऱ्या वेळी "टक" असा बारीक आवाज आला आणि वडीचे दोन तुकडे झाले. मला वाटलं, झालं, आता हा माणूस रडणार. त्यांनी एक तुकडा नखाने वाजवला आणि म्हणाले, "हेच तर दुखणं हाय."

ते दुखणं मला समजायला वर्षभर लागलं, पण सांगायला सोपं आहे. ही काळी वस्तू म्हणजे शेवटी भाजलेली मातीच. धातूसारखी वाकत नाही, खापरासारखी तडकते. थंड-गरम केलं तरी तडकते, वजन दिलं तरी तडकते. मग तिच्यात वीज कितीही न दमता धावो, तिचं यंत्र करणार कसं? सरांचं काम होतं ते हे, की तिच्यात थोडी चांदी मिसळून तिला मजबूत करायचं, आणि वीज वाहायचा तिचा गुण मात्र जाऊ द्यायचा नाही. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी हैदराबादला एका प्राध्यापकांच्या हाताखाली नाव नोंदवलं होतं. दिवसा बोथच्या एका कॉलेजात मुलांना भौतिकशास्त्र शिकवायचं, उरलेल्या वेळात प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातली भट्टी. नायट्रोजन माझ्याकडचा. तसाही तो कॅनमधून उडूनच जात असतो. थर्मासभर सरांकडे गेला तर कोणत्याही म्हशीचं काही बिघडणार नव्हतं.

हे वेड त्यांच्या घरातच होतं. सर कुंभाराचे. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या खेड्यात त्यांची माय एकटी राहायची आणि सत्तरीतही चाक फिरवायची. सरांनी लग्न केलं नाही. दर रविवारी मायकडे जायचे, एकदा मलाही घेऊन गेले. म्हातारी माती मळत होती. मळता मळता तिने टोपलीतली लीद आणि राख मुठीने आत टाकली.

"हे काऊन टाकता, माय?" मी विचारलं.

"निरी माती तडकते, बाबू," ती म्हणाली. "तिच्यात थोडं परकं लागते. परकं असलं का ती सांभाळून राहते."

सर तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा माहा सगळा प्रबंध. हिनं एका ओळीत सांगतला, मले दोनशे पानं लागून राह्यली."

"तू काय टाकतो रे तुह्या मातीत?"

"चांदी."

म्हातारीने हात थांबवले. "मंग तुहं मडकं कोण घेईन?" असं म्हणून ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

परत येताना मोटारसायकलवर मागे बसून सर मला चांदीच का, ते समजावत होते. लोखंड घातलं तर ही माती वीज वाहायचं विसरते. जस्ताचं तर नाव काढू नका, चिमूटभर जस्त गेलं की अख्खी वडी मेली. चांदी तेवढी या मातीशी भांडत नाही. ती बारीक कणांनी मातीतल्या पोकळ्यांत जाऊन बसते. भेग धावत येते, चांदीपाशी पोचते, चांदी जराशी वाकते आणि भेग तिथंच थांबते. "ती भेगेले मारत नाही, डॉक्टर," ते माझ्या कानापाशी ओरडत होते, "ती स्वतः वाकून तिले थांबवते." मी खड्डे चुकवत होतो, त्यामुळे हूं हूं करत होतो. आज ते प्रत्येक वाक्य मला जसंच्या तसं आठवतं, जस्ताचंही.

मजबुती मोजायचं यंत्र हैदराबादला होतं. इथे सरांनी स्वतःचं केलं होतं. दोन लाकडी ठोकळ्यांवर दोन खिळे आडवे, त्यांच्यावर पेन्सिलीच्या तुकड्याएवढी काळी पट्टी, पट्टीच्या मध्यावर तारेचा आकडा आणि आकड्याला टांगलेली एक छोटी बादली. बादलीत हळूहळू ज्वारी ओतायची. पट्टी मोडली की ज्वारी तोलायची. "वाळू काऊन नाही?" मी एकदा विचारलं. "वाळू सांडली तर सांडली. ज्वारी सांडली तर माणूस एक-एक दाणा वेचतो," ते म्हणाले. खरंच, पट्टी मोडून बादली आपटली की सर खाली बसून फरशीवरचा दाणा न् दाणा गोळा करायचे. ती ज्वारी नंतर माझ्या घरी यायची आणि माझी बायको, कमल, तिच्या भाकरी करायची. सर जेवायला असले की भाकरीवरही टिचकी मारायचे.

कमलवर त्यांचा जीव होता. वहिनी, वहिनी म्हणून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे. तिच्या पायात लग्नातल्या तोरड्या होत्या, साखळीच्या, घुंगरांच्या. आमचं घर लांबट आहे, स्वयंपाकघर पार मागे. तोरड्या वाजायला लागल्या की सर बोलणं अर्ध्यावर थांबवून म्हणायचे, "चहा निघाला."

मग ते वर्ष आलं. उन्हाळ्याच्या तोंडावर सरांची एक पट्टी बादलीभर ज्वारी घेऊनही मोडली नाही, आणि त्याच मिश्रणाच्या वडीवर चुंबकही तरंगलं. मजबुतीही आली आणि गुणही राहिला. सरांनी हैदराबादला फोन लावला. तिकडून प्राध्यापक म्हणाले, एकदा जमलं तो योगायोग असतो, दुसऱ्यांदा करून दाखवा, मग प्रबंध द्या. ते स्वतः जूनअखेर निवृत्त होणार होते आणि सरांना दिलेली शेवटची मुदतवाढही तेव्हाच संपत होती. सर म्हणाले, त्यात काय, महिनाभरात करतो. आठवड्याने करोनाची टाळेबंदी लागली.

पावडरी होत्या, भट्टी होती. चांदीचं रसायन मात्र संपलं होतं आणि ते यायचं हैदराबादहून. दुकानं बंद, पार्सल बंद, बस बंद. सर रोज दवाखान्याच्या फाटकापाशी येऊन लांब उभे राहायचे.  मला जनावरांच्या कामाचा पास होता, मी फिरू शकत होतो. एप्रिल गेला, मे अर्धा गेला. आमच्या सोनाराकडे विचारलं, तर शुद्ध चांदीची कांब त्याच्याकडेही नव्हती.

ही गोष्ट मी घरी बोललो. कमलने पाटावर बसून पाय पुढे केले आणि तोरड्यांचे पेच फिरवायला लागली.

"हे काय करून राह्यली?"

"सरांले द्या. माहं काय वय हाय काय आता छुमछुम करायचं."

"ते घेणार नाहीत."

"मंग त्यांले सांगू नका."

मी म्हशी बघायच्या निमित्ताने भैंसा गावाला गेलो. ओळखीचा एक सोनार घराच्या मागच्या पडवीत बसून काम करायचा. त्याने तोरड्या हातात घेऊन उलट्यासुलट्या केल्या. "याच्यात डाक लय हाय, कडीकडीले डाक. पेचही पितळी हायत. शुद्ध करून द्यायची तर दोन-तीन दिवस लागतीन," तो म्हणाला. मला संध्याकाळच्या आत परतायचं होतं. मी म्हटलं, "शुद्ध-बिद्ध राहू दे. वितळून एक गोळा करून दे फक्त." डाक म्हणजे सांधा जोडायचा मसाला, एवढंच मला ठाऊक होतं. त्यात जस्त असतं, पितळेतही असतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ज्या माणसाने मला जस्ताचं सांगितलं होतं त्याच्याचसाठी मी ती चांदी नेत होतो.

सरांनी गोळा हातात घेतला. "शुद्ध हाय ना, डॉक्टर?"

"शंभर टक्के. सोनाराकडं कांब पडली होती."

त्यांच्याकडे तपासायला वेळ नव्हता आणि माझ्यावर अविश्वास ठेवायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी ती आम्लात विरघळवली, मिश्रण केलं, भाजलं. पट्ट्या निघाल्या त्या अशा, की बादलीत ज्वारी मावेना. काठोकाठ भरली, वर माझ्या हाताने एक किलोचं वजन ठेवलं, तरी पट्टी हूं की चूं करेना. सर खुर्चीवर बसले. मी त्यांच्यासमोर उभा राहून मोठ्याने म्हटलं, "डॉक्टर गंगाधर." ते लाजले. खरंच लाजले, मुलगी बघायला आलेल्या पोरासारखे.

मग मी थर्मास उघडला. वडी थंड केली. सरांनी चिमट्याने चुंबक वर ठेवलं.

ते वडीवर बसलं. दगडावर दगड ठेवावा तसं.

त्यांनी उचलून पुन्हा ठेवलं. वडी उलटी केली, पुन्हा ठेवलं. दुसरी वडी घेतली. मी आणखी नायट्रोजन ओतला. चुंबक बसलेलंच. सरांनी वडी बाहेर काढून नखाने वाजवली, कान लावला. "आवाज तर चांगला हाय," ते म्हणाले. त्याच चांदीतून त्यांनी आणखी दोनदा केलं. दोन्हीदा पट्ट्या पोलादासारख्या आणि वड्या मेलेल्या. जूनचे शेवटचे दिवस होते.

मी त्यांना म्हटलं, "सर, पहिल्या वेळी जमलं होतं ना? तेच लिहून पाठवा. इथं कोण बघायले येऊन राह्यलं?"

त्यांनी चुंबक कापसात गुंडाळून डबीत ठेवलं. मग म्हणाले, "मायनं फुटकं मडकं कवाच विकलं नाही, डॉक्टर. वाजवून न बघणाऱ्यालेही नाही."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने हैदराबादला लिहून कळवलं, की दुसऱ्यांदा जमलं नाही, माझा दावा टिकत नाही. प्राध्यापक निवृत्त झाले. सरांचं नाव यादीतून गेलं. कॉलेजात यावर कोणी काही बोललं नाही, कारण कॉलेजात हे कोणाला माहीतच नव्हतं.

त्यानंतरचे सर मला आठवायला आवडत नाहीत. दुकानं उघडली, कॉलेज उघडलं, पण ते आपली चूक शोधत राहिले. भट्टीचं तापमान, खलायची वेळ, हवा, स्वतःचा हात. वहीत जुनी पानं उलटायचे आणि मला विचारायचे, "त्या दिवशी ढग होते काय हो? हवेत ओल होती काय?" मी म्हणायचो, आठवत नाही. मला खरंच माहीत नव्हतं काय बिघडलं ते. पण मनात कुठे तरी सोनाराचा 'डाक' हा शब्द अडकलेला होता, आणि मी तो बाहेर काढून बघत नव्हतो. त्या हिवाळ्यात त्यांची माय गेली. सर निवृत्त झाले, खोकला लागला तो राहिलाच. एक दिवस हॉटेलात मी पाहिलं, चहा आला तर त्यांनी कप सरळ उचलून तोंडाला लावला. टिचकी नाही, काही नाही. 

कमल मधूनमधून विचारायची, "सरांची परीक्षा झाली काय?" मी म्हणायचो, व्हायची हाय. ती चौथीपर्यंत तेलुगू शाळेत शिकली. मराठी बोलते, वाचत नाही. मी किनवटला मामाकडे मराठीत शिकलो. हे तिच्या हाती पडलं तरी कळू नये, म्हणून मराठीत लिहितो आहे.

सर गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. आदिलाबादच्या दवाखान्यात गेले, मी बाहेर औषधाच्या दुकानात उभा असताना. पण माझ्या डोळ्यांसमोर शेवटचे येतात ते त्याच्या महिनाभर आधीचे.

दुपारी चारची वेळ होती. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला होता, की थर्मासभर नायट्रोजन घरी आणून ठेवा. आले ते फाट्यापासून चालत, दोनदा थांबून. शर्ट अंगावर लोंबत होता. व्हरांड्यात बसले आणि म्हणाले, "वहिनीले बोलवा. त्यांच्याकडं काम हाय."

कमल पदराला हात पुसत आली. सरांनी तिला समोर बसवलं. थर्माकोलचं झाकण काढलं, खिशातून डबी काढली. मी नायट्रोजन ओतला. ती वडी कोणती ते मला कळेना. त्यांनी चुंबक ठेवलं. ते तरंगलं. वाफेच्या वर, शांत, एवढंसं.

"वहिनी, ही तुमची चांदी," सर म्हणाले.

 तोरड्यांचं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

कमलने तोंडावर हात ठेवला. "माह्या तोरड्या याच्यात हायत?"

"तुमच्याच. त्यांच्याच जिवावर तडकत नाही ती. बघा." त्यांनी वडी काढली, चिमट्यात धरून फुंकर मारली, पुन्हा बुडवली, पुन्हा काढली. चारदा, पाचदा. वडी अखंड राहिली, आणि दर वेळी चुंबक वर गेलं. कमल लहान मुलीसारखी काडीने त्याला फिरवत होती.

"मंग परीक्षा काऊन नाही झाली, सर?"

"परीक्षा घेणारे घरी गेले होते, वहिनी," ते म्हणाले. "माहीच गाडी चुकली."

ती चहा करायला उठली. चहा आणला. त्या दिवशी सरांनी कपाला टिचकी मारली, कान खाली केला आणि मगच घोट घेतला. तोपर्यंत नायट्रोजन उडून गेला होता. वडी कोमट झाली आणि चुंबक हळूच खाली येऊन तिच्यावर टेकलं. सरांनी दोन्ही कापसात गुंडाळून डबी कमलच्या हातात दिली. "ओल लागू देऊ नका." तिने ती तोरड्यांच्या रिकाम्या डब्यात नेऊन ठेवली. अजून तिथेच आहे. पाहुणी आली की ती डबा उघडून दाखवते आणि सांगते, हे सरांनी माह्या तोरड्यांचं केलं.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. 

"सर, तुमाले कवा समजलं?"

"हैदराबादचं विद्यापीठ उघडलं तवा एक तुकडा तपासाले पाठवला होता. जस्त निघालं." ते खोकले, थांबले. "जस्त कुठून आलं, लय दिवस समजेना. मंग एकदा तुमच्याकडं बसलो होतो, नि वहिनी चहा घेऊन पुढ्यात येऊन उभ्या राह्यल्या. आवाजच नाही आला."

"मंग बोलले काऊन नाही?"

"बोलून चांदी शुद्ध होते काय?"

"आणि ही वडी?"

"दुकानं उघडल्यावर आणली चांदी. जमलं मंग. दुसऱ्यांदाही जमलं." हे सांगताना त्यांचा चेहरा क्षणभर पूर्वीसारखा झाला.

"मंग पाठवा ना, सर. लिहा ना त्यांले."

"कोणाले, डॉक्टर?"

 कॉलेज नव्हतं, प्राध्यापक नव्हते, माय नव्हती. त्यांनी फाटकाची कडी काढली आणि म्हणाले, "वहिनीले सांगू नका."

"सर, म्या तुमचं वाटोळं केलं," मी म्हटलं. जे तीन वर्षं म्हणायचं होतं ते एवढंच होतं. 

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला आणि माझ्या छातीवर, बरोबर मधोमध, बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं. कान जरासा खाली केला. नेहमीसारखेच मन लावून ऐकत होते.

"खणखणीत हाय," ते म्हणाले. "तडा नाही. जा घरात."

आणि ते वळून, उन्हातून, एका हाताने कुंपणाचा आधार घेत फाट्याकडे निघाले. कुंभाराच्या पोराने फुटकं मडकं चांगलं म्हणून सांगितलं, ते आयुष्यात तेवढं एकदाच.